दार लावून जेवणारी माणसं

आमच्या घरात जेवायला बसलं की दार लावायची रीत होती. पुढं दुकान, मागं घर, आणि मधल्या दाराला आतून लाकडी आडणा. ताटं वाढून झाली की माय माझ्या गिरजाअक्काला म्हणायची, "घाल गं आडणा," आणि तो दांडा भिंतीतल्या भोकात सरकल्याचा आवाज आला की मगच आप्पा पहिला घास मोडायचे. परक्याची नजर अन्नावर पडू द्यायची नाही; पडलीच तर ते ताट उचलून गाईपुढं ठेवायचं. धारूरात आमच्या लिंगायत भाऊबंदांची आणखीही घरं होती, पण त्यांनी ही रीत केव्हाच सैल केली होती. माझे एक चुलते तर भर ओट्यावर बसून, रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारीत जेवायचे. आप्पांनी मात्र ती धरून ठेवली होती. कशासाठी, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. बाहेर दुकानाच्या पायरीशी एखादं गिऱ्हाईक येऊन ओरडायचं, "ओ आप्पा, मीठ पायजे!" आत आप्पा सावकाश भाकरी चावत राहायचे. मग शेजारचा अत्तारच गिऱ्हाइकाला सांगायचा, "बसा जरा, आप्पा जेवायलेत."

मला ते दार लावलेलं घर फार आवडायचं. धाब्याच्या छतात एकच झरोका होता. त्यातून उजेडाची तिरीप यायची ती नेमकी चुलीपुढं पडायची, आणि तिच्यात भाकरीची वाफ आणि चुलीचा धूर मिसळून वर चढताना दिसायचा. थंडीत हुलग्याचं पातळ माडगं, त्यावर लसणाची फोडणी. एरवी अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, तिच्यात बोटानं खळगा करून ओतलेलं तेल. जेवताना बोलायचं नाही, त्यामुळं आवाज ऐकू यायचे ते फक्त चावण्याचे, भुरक्यांचे आणि गोठ्यात गाईच्या गळ्यातल्या घुंगरांचे. आज डोळे मिटले तर त्या खोलीतले चेहरे मला नीट दिसत नाहीत. पण कोण कसं चावायचं ते अजून ऐकू येतं. आप्पा हळू आणि एकाच बाजूनं. गिरजाअक्का भराभर, कुणी ताट ओढून नेणार असल्यासारखी.

धारूरची शाळा संपवून मी बीडला गेलो आणि तिथून हैदराबादला कॉलेजात. आमच्या गल्लीतून कॉलेजात जाणारा मीच पहिला. निघायच्या दिवशी आप्पांनी मला देवापुढं बसवलं, गळ्यातल्या पेटीतल्या इष्टलिंगाला हात लावायला सांगितला आणि म्हणाले, "सोताच्या हातानं रांदायचं. दार लावून जेवायचं. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. त्यात अवघड काय आहे, असंच मला वाटलं होतं.

हैदराबादला आमच्या भागातल्या मुलांनी मिळून एक घर भाड्यानं घेतलं होतं. एक आचारी होता. सगळे ओसरीवर पंगतीला बसायचे. मी तेवढा कोपऱ्यातल्या खोलीत शेगडी पेटवून भात शिजवायचो आणि दार लावून जेवायचो. निजामाचं राज्य, त्यामुळं कॉलेजात सगळं उर्दूतून चालायचं. मला उर्दू यायची ती बाजारापुरती, कचेरीपुरती. रसायनाचा सबक, म्हणजे धडा, सुरू झाला की मी एकेक शब्द मनात मराठीत उलटवून घ्यायचो, आणि तो उलटेपर्यंत मास्तर चार वाक्यं पुढं गेलेले असायचे. नाव पुकारलं की उभा राहायचो आणि तोंडातून काही फुटायचं नाही. बीडला मी हुशार होतो. इथं मी कोण होतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि हळूहळू मलाही ठाऊक नाहीसं झालं. दिवसभर गप्प बसायचं आणि संध्याकाळी दार लावून जेवायचं. घरी दार लावलं की आत माणसं असायची. इथं दार लावलं की आत मी एकटाच उरायचो. हा फरक मला त्या वेळी शब्दांत सांगता आला नसता.

त्या घरात दिंद्रुडच्या पाटलांचा मुलगा होता, बळवंत. अंगानं दांडगा, आवाजानं त्याहून दांडगा. पहिले काही दिवस तो मला रोज हाक मारायचा, "मन्मथ, ये की बे पंगतीला!" मी रोज नाही म्हणायचो. मग त्यांना नवल वाटायला लागलं, की हा आत खातो तरी काय. माझ्या दाराच्या फळ्यांमध्ये फट होती. एका संध्याकाळी मी भाताचा घास उचलला आणि बाहेरून आवाज आला, "उचलला!" घास तोंडाशी गेला. "गेला!" आणि ओसरीभर हसं पिकलं. आवाज बळवंतचाच होता. मी फटीत कागद कोंबला, तर दुसऱ्या दिवशी खिडकीतून सुरू झालं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, असं मला आता वाटतं. घरापासून इतक्या लांब आलेली ती पोरं होती, संध्याकाळी त्यांना दुसरी करमणूक नव्हती. महिनाभरात त्यांना त्याचा कंटाळाही आला असता. पण एके दिवशी सगळे कुठली तरी मिरवणूक बघायला गेले होते, घर रिकामं होतं, मी निवांत ताट वाढून घेतलं, घास उचलला, आणि माझ्याच डोक्यात कुणीतरी म्हणालं, "उचलला!" गळा मिटला. घास तोंडात फिरत राहिला, खाली उतरेना. शेवटी तो थुंकून टाकला.

सुटीत घरी आलो तेव्हा मायनं मला दारातच ओळखलं नाही असं नाटक केलं, मग खरंच रडायला लागली. "लई वाळलंय गं माजं लेकरू." मी घरी आलो की सगळं ठीक होईल असं मला वाटलं होतं. आडणा सरकला, झरोक्यातून तीच तिरीप, तीच माडग्याची वाफ. पण माझ्यासाठी आता नवा पाट होता, ताटाभोवती रांगोळी होती, आणि मी पहिला घास घेतल्याशिवाय कुणी जेवायला सुरुवात करीना. आप्पासुद्धा माझ्याकडं बघत थांबले होते. मी भाकरी मोडली, घास तोंडात घातला. तो तिथंच राहिला.

मग जे सुरू झालं ते सांगण्यासारखं आहे. मायनं मीठ-मिरच्या उतरल्या. देवळातल्या गुरवाचा अंगारा झाला. कुणी म्हणालं केस अडकलाय, कुणी म्हणालं हैदराबादचं पाणी बाधलं. किल्ल्याच्या वाटेवर एक म्हातारे हकीम राहायचे. त्यांनी माझा गळा दोन्ही हातांनी चाचपला, उजेडाकडं तोंड करून जीभ बघितली आणि आप्पांना म्हणाले, "हलक में कुछ नहीं है, आप्पा. बच्चा कुछ और निगल के बैठा है." आप्पांना वाटलं, पैसा-बटण असं काहीतरी मी गिळलंय. दोन दिवस ते मला केळी कुस्करून खाऊ घालत होते.

मला स्वतःला मात्र या सगळ्याचं, भीतीपेक्षा जास्त, कुतूहलच वाटायला लागलं होतं. हे कसं सांगावं कळत नाही, पण आपलाच गळा आपलं ऐकत नाही, ही गोष्ट मला विलक्षण वाटायची. ताक उतरायचं, माडगं उतरायचं, आणि भाकरीचा एवढासा तुकडा उतरायचा नाही. त्यातही एकदा गोठ्यात उभ्यानं, गाईला पेंड घालता घालता मी शेंगदाणे चघळत होतो, तर ते सरळ पोटात गेले. मी चकित होऊन गाईकडं बघत राहिलो.

त्या वेळी गिरजाअक्का माहेरी आली होती. पहिलटकरीण. तिला खाल्लेलं राहत नव्हतं. "काय घर हाय," ती म्हणायची, "एकीच्या पोटात टिकंना, एकाच्या गळ्यातून उतरंना." मी तिला शेंगदाण्यांची गोष्ट सांगितली, आणि म्हणालो, आपण तजुर्बा करू, म्हणजे प्रयोग. कॉलेजातला रसायनाचा सगळा सबक माझ्या डोक्यावरून गेला होता, पण प्रयोगशाळेतलं मास्तरांचं एक वाक्य मला पक्कं समजलं होतं: एक वक्त में एक ही चीज बदलो. अक्काला ते भलतंच आवडलं. दुपारी आप्पा दुकानात आणि माय भांडी घासायला मागं असली की आम्ही दोघं गोठ्यात तजुर्बा करायचो.

आधी अन्न बदलून पाहिलं. भाकरीच्या जागी भात, भाताच्या जागी दशमी. फरक नाही. मग जागा बदलली. माळवदावर, गोठ्यात, परसात. थोडा फरक. मग अक्का म्हणाली, "आता मला बदल." ती माझ्याकडं पाठ करून बसली आणि चुलत्यांच्या घरच्या सुनांची उणीदुणी सांगायला लागली. मी ऐकता ऐकता अर्धी भाकरी खाल्ली. ती वळली, काही न बोलता माझ्या तोंडाकडं बघत बसली. घास अडला. "अगं बाई!" ती टाळी वाजवून म्हणाली. पुन्हा वळली, पुन्हा उतरला. आम्ही दोघंही हसायला लागलो. तेवढ्यात पुढं दुकानातून आप्पांचं खाकरणं ऐकू आलं. ते दिसत नव्हते, आत येतही नव्हते, फक्त गिऱ्हाइकाशी बोलण्याआधी घसा साफ करीत होते. माझ्या तोंडातला घास दगड झाला.

अक्का हसायची थांबली. माझ्याकडं बारीक डोळे करून बघत म्हणाली, "मन्या, तुजा गळा आप्पाला भितो."

"काहीतरीच बोलतीस."

"काय केलंस तितं?"

"कायबी न्हाई."

"मंग काय झालंय?"

मी उठून गेलो. काय झालं होतं ते मला माहीत होतं. पण तोपर्यंत ते गळ्याशी जोडून पाहायचं धाडस मला झालं नव्हतं. लिंगाला हात लावून मी कबूल म्हटलं होतं, आणि हैदराबादच्या त्या घरात रोज संध्याकाळी डझनभर डोळे माझ्या ताटात पडत होते. रीतीप्रमाणं ते सगळं अन्न गाईपुढं ठेवायला हवं होतं. मी ते खाल्लं होतं. त्यांचं बघणं माझ्या हातातलं नव्हतं, आणि तरी ते आप्पांना सांगायचं म्हटलं की माझ्या अंगावर काटा यायचा. पुढं मी शिक्षक झालो, बरीच वर्षं मुलांच्या वसतिगृहावर देखरेख केली. नवा मुलगा आला की मी त्याच्या पुस्तकांआधी त्याचं जेवण बघायचो, तेही लांबून, त्याला कळू न देता. किती मुलं घरून असं एखादं "कबूल" घेऊन आलेली असतात! कुणाला पहिला नंबर कबूल असतो, कुणाला नोकरी, कुणाला आणखी काही. आता डॉक्टरांकडं या दुखण्याला नाव आहे. तेव्हा नाव नव्हतं. तेव्हा सिरसाळ्याचा रामजी होता.

रामजी डाग द्यायचा. गळ्याचं, पोटाचं, पाठीचं कुठलंही न कळणारं दुखणं असलं की लोक त्याच्याकडं जायचे. तो लोखंडी सळई तापवून दुखऱ्या जागी टेकवायचा. मायनं विरोध केला, पण मी आणखी वाळत चाललो तशी तीही गप्प झाली. आप्पांनी बाजाराचा दिवस धरला आणि पहाटे छकडा जुंपला. गाडीवानाला बरोबर घेतलं नाही. अक्का दारात उभी होती; तिनं माझ्या गळ्याभोवती मफलर गुंडाळताना जरा जास्तच घट्ट गुंडाळला.

घाट उतरेपर्यंत आप्पा बैलांशीच बोलत होते. पौषातली थंडी, दोन्ही अंगाला दाण्यात आलेली ज्वारी, आणि पाखरं हाकणाऱ्या पोरींच्या गोफणींचे आवाज. मी छकड्यात मागं बसून सळईचा विचार करीत होतो. ती लाल असेल की पांढरी, हेही मनात येत होतं. उन्हं चांगली वर आली तेव्हा रस्त्याकडेच्या एका रानातून धूर निघताना दिसला, आणि हाक आली, "ओ वाणीआप्पा! हुरडा खाऊन जावा!"

हाक मारणारे एक म्हातारे शेतकरी होते, दादाराव नावाचे. आमच्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक. आप्पा अशा वेळी हात जोडून "व्हय व्हय, पुना कदी" म्हणत पुढं जायचे, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण त्या दिवशी त्यांनी कासरा ओढला. बैल थांबले. आप्पा खाली उतरले आणि मला म्हणाले, "उतर."

आगटीभोवती दादाराव, त्यांची दोन मुलं, एक सून असे बसले होते. शेणीच्या निखाऱ्यात कणसं खुपसलेली. पळसाच्या पानावर तिळाची चटणी, गूळ आणि दह्याचं मडकं. आम्हाला गोणपाट टाकलं. मी आप्पांकडं बघत होतो. त्यांच्याभोवती उघडं आभाळ होतं, चार परकी माणसं होती, आणि कुठंही दार नव्हतं. दादारावांनी कणीस बाहेर ओढलं, तळहातांवर चोळलं, फुंकरीनं कोंडा उडवला आणि ते हिरवे गरम दाणे आप्पांच्या ओंजळीत ओतले. आप्पा क्षणभर ओंजळीकडं बघत राहिले. मग कुणी काही विचारलं नसताना स्वतःशीच म्हणाले, "हुरडा काय अन्न हाय का? ते तर रान हाय." आणि त्यांनी तोंड भरलं.

माझ्या आयुष्यात मी आप्पांना पहिल्यांदाच उघड्यावर, लोकांदेखत चावताना बघत होतो. एकाच बाजूनं, सावकाश. मी इतका बघत राहिलो की माझ्या ओंजळीत दाणे कधी आले ते कळलं नाही. ते भाजायला लागले तसे दादाराव ओरडले, "टाक की तोंडात, निवायलंय!" मी टाकले. गुळभेंडी ज्वारीचा तो दुधाळ गोडवा, वरून तिळाची चटणी. पुन्हा ओंजळ भरली, पुन्हा रिकामी झाली. सगळ्यांचे डोळे आगटीकडं होते, कुठलं कणीस झालं आणि कुठलं करपतंय याच्याकडं. कुणाच्या तोंडाकडं बघायला कुणाला सवडच नव्हती.

"कुनीकडं निघालात सकाळच्या पारी?" दादारावांनी विचारलं.

"सिरसाळ्याला," आप्पा म्हणाले. "पोराला डाग द्यायचाय. घास उतरत न्हाई त्याचा."

दादारावांनी माझ्या भरलेल्या गालांकडं पाहिलं, मग माझ्यापुढं पडलेल्या रिकाम्या कणसांकडं पाहिलं. "मंग हे कुटं चाललंय?" ते म्हणाले. "कानात का?"

सून पदर तोंडाला लावून हसली. मी तसाच थांबलो. तोंडात दाणे होते, आणि मला आता भीती वाटायला लागली की हे अडणार. आप्पा माझ्याकडं बघायला वळले, आणि मधेच मान फिरवून त्यांनी आगटीत काडी खुपसली. "दादाराव, ते कडंचं कणीस करपायलंय बगा," ते म्हणाले. सगळे कणसाकडं वळले. मी गिळलं.

परत छकड्यात बसलो तेव्हा आप्पांनी मला पुढं, स्वतःशेजारी बसवलं. मग बैलांच्या पाठीकडं बघतच ते म्हणाले, "हैदराबादला काय झालं बे?"

मी सांगितलं. पंगतीची हाक, कागद कोंबलेली फट, खिडकी, उचलला, गेला, सगळं. सांगताना मी लिंगाची पेटी मुठीत धरली होती हे मला नंतर कळलं. शेवटी म्हणालो, "लई लोकांनी बगितलं, आप्पा. मी ताट गाईला घातलं न्हाई. खाल्लं."

मला वाटलं होतं ते छकडा थांबवतील. त्यांनी विचारलं, "खिडकी केवडी व्हती?"

"अं?"

"खिडकी. माणसाचं डोकं मावल एवडी?"

"मावल."

"आन ते वरडणारं पोरगं कुनाचं?"

"दिंद्रुडच्या पाटलाचं. बळवंत."

"तो तुला पयल्यांदा पंगतीला बलवत व्हता म्हनलास."

"व्हय."

आप्पांनी मान हलवली, जणू एखाद्या मालाचा भाव त्यांना आता समजला. थोड्या वेळानं म्हणाले, "माज्या बापानं मला असंच कबूल करून घेतलतं. मी त्याला विचारलतं, कावून? तर त्यानं थोबाडीत दिली." त्यांनी कासरा झटकला. "मला बी ठावं न्हाई बे, कावून ते."

सिरसाळ्याला आम्ही रामजीकडं गेलो, कारण येतो म्हणून आप्पांनी त्याला शब्द दिला होता. त्याच्या अंगणात दोन-तीन माणसं बसली होती. एका बाईच्या पोटावर ताजे डाग होते आणि ती भिंतीला टेकून डोळे मिटून होती. चुलीत सळई होती. ती लाल होती. रामजीनं मला पुढं बोलावलं. आप्पा मधे उभे राहिले आणि म्हणाले, "पोरगं बरं झालं."

"मंग आलात कावून?"

"ते सांगायाच आलतो," आप्पा म्हणाले, आणि बाजारातून घेतलेली गुळाची ढेप त्याच्या ओसरीवर ठेवून माझा हात धरून बाहेर पडले. रस्त्यावर आल्यावर मला दिसलं, त्यांच्या कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती.

मी बरा झालो होतो असं मात्र नाही. घरी परतल्यावर जेवायला बसलो तर घास पुन्हा अडला. माय रडवेली झाली. आप्पा म्हणाले, "त्याच्याकडं बगू नका. आपापलं जेवा." पाट आणि रांगोळी बंद झाली. आप्पा माझ्याकडं थोडी पाठ करून बसायला लागले, आणि जेवताना न बोलायचा आमच्या घरचा नियम मोडून दुकानातल्या गोष्टी सांगायला लागले. त्यांना गोष्टी सांगता यायच्या नाहीत. सुरुवातीलाच शेवट सांगून टाकायचे आणि मग मधलं आठवत बसायचे. अक्का त्यांच्या चुका काढायची, आप्पा चिडायचे, आणि त्यात माझे दोन घास उतरलेले असायचे. कधी उतरायचे, कधी नाही. पण आता अडला की तो थोडा वेळ तोंडात ठेवून मी वाट बघायला शिकलो. आपणहून जायचा.

आप्पा त्या दिवशी रानात थांबले ते मुद्दाम, की थंडीनं हात गारठले म्हणून, हे मी पुढं कित्येकदा स्वतःला विचारलं. अक्कानं त्यांना काही सांगितलं असेल, असाही संशय होता. तिला विचारलं तर ती शपथेवर नाही म्हणायची. पण अक्काच्या शपथांचं मोल मला लहानपणापासून ठाऊक होतं. आप्पांना विचारायचं राहून गेलं. विचारलं असतं तरी त्यांनी बैलांवर ढकललं असतं.

मी हैदराबादला परत जायचं की नाही, यावर घरात बोलणं झालंच नाही. एके सकाळी माय दशम्या करताना दिसली आणि मला कळलं की जायचं आहे. ती शेंगदाण्याची चटणी कुटत होती, लसूण आणि मिरची सढळ हातानं घालून. आप्पा दुकानातून आत आले, दाराशी उभे राहून बांधून ठेवलेल्या गाठोड्याकडं त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "दोघांचं बांद."

"दुसरं कोन?" मायनं विचारलं.

"दिंद्रुडच्या पाटलाचं पोरगं हाय तितं."

मायचा हात उखळात थांबला. तिनं आप्पांकडं पाहिलं, मग उघड्या दाराकडं, मग माझ्याकडं. आप्पा तोवर दुकानात निघून गेले होते आणि कुणालातरी मीठ मोजून देत होते. माय उठली आणि तिनं परातीत आणखी पीठ घेतलं.

हैदराबादला पोचलो तेव्हा ओसरीवर पंगत बसली होती. मी गाठोडं घेऊन तसाच उभा राहिलो. बळवंतच्या शेजारी जागा रिकामी होती, तिथं जाऊन बसलो. सगळे जेवायचे थांबले. आचारीही पळी हातात धरून बघत राहिला. मी दशम्या सोडल्या, अर्ध्या बळवंतच्या ताटात ठेवल्या, चटणी ठेवली, आणि म्हणालो, "घरनं दिलंय. तुज्यासाठी."

तो खजील झाल्यासारखा माझ्याकडं बघत होता. मग त्यानं दशमीचा मोठा तुकडा मोडला, त्यावर चटणीचा गोळा घेतला आणि एका दमात तोंडात घातला. मी माझा घास हातात धरून होतो. बळवंतचे कान आधी लाल झाले, मग नाक, मग डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "पानी!" तो ओरडला. "पानी दे रे! काय बे हे, मारतोस का?" आचारी तांब्या घेऊन धावला, पोरं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली, मीही हसलो. त्या गडबडीत मी माझा घास केव्हा तोंडात घातला आणि तो केव्हा उतरला, हे आजही मला सांगता येत नाही. तसं पाहिलं तर त्याच एका घासाकडं मी नीट लक्ष द्यायला हवं होतं.

बळवंतनं अख्खा तांब्या रिकामा केला, बाहीनं डोळे पुसले आणि उरलेली दशमी पुढं ओढली.

"उद्या बी हितंच बस," तो म्हणाला. "पन ती चटनी तुज्याच ताटात ठीव बे."